माधुरी दाभेकर आणि पोलादपूरचे बाकडे

माधुरी भिकाजी दाभेकर. जन्म महाड, १९५४. निधन महाड, २००८. शिक्षण जुनी अकरावी. नोकरी महाडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, ऑपरेटर म्हणून. अविवाहित. त्यांच्या निधनानंतर एका स्थानिक साप्ताहिकात एवढा मजकूर चार ओळींत छापून आला आणि खाली 'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या' असे एक वाक्य जोडलेले होते. हे वाक्य धादांत खोटे आहे. माधुरीबाई मनमिळाऊ नव्हत्या. एका बाकड्यावर बसून जेवता यावे एवढ्यासाठी ज्या बाईने जानेवारी ते मे दर रविवारी महाडहून पोलादपूरपर्यंत सायकल मारली, तिला मनमिळाऊ म्हणणे हा तिचा अपमान आहे, आणि तो तिच्या माघारी, तिला उत्तर देता येत नसताना केलेला आहे. म्हणून ही हकीकत नीट, क्रमाने सांगणे आवश्यक आहे.

महाडहून मुंबईला बोलायचे तर पूर्वी ट्रंक कॉल लावावा लागे आणि तो माधुरीबाईंच्या हातून जाई. महामार्गावरच्या हॉटेलांतून ट्रकवाले, व्यापारी, अडकून पडलेले प्रवासी फोन लावीत. ते काय बोलतात याकडे माधुरीबाईंनी कधी लक्ष दिले नाही. तो नोकरीचा धर्म होता आणि तो त्यांनी पाळला. परंतु बोलणाऱ्याच्या मागे जे चाललेले असे ते कानांवर पडतच असे. कपबशांचा खणखणाट, स्टोव्हची घरघर, 'दोन मिसळ, पाव जादा' अशी आरोळी. हळूहळू फोन कोणत्या हॉटेलातून आला आहे हे त्यांना आवाजावरूनच कळू लागले. पाहिलेले मात्र त्यांतले एकही नव्हते. दाभेकरांच्या घरच्या बायका हॉटेलात जात नसत. आईच्या हातचे जेवण घरी तयार असताना बाहेर खायचे कशाला, हा प्रश्न त्या घरात उत्तरासाठी विचारलाच जात नव्हता.

पुढे एसटीडी आले, ट्रंकचे बोर्ड निघाले आणि माधुरीबाईंना तक्रार विभागात बसवण्यात आले. १९९५ साली आई गेली. एकटीसाठी आमटी करायची म्हणजे भांडे घासण्याचाच उद्योग जास्त. अशा एका रविवारी, गार भाताचा डबा उघडून बसल्या असताना, त्यांच्या मनात आले की इतकी वर्षे आपण ज्या हॉटेलांचे नुसते आवाज ऐकले ती आहेत तरी कशी, हे जाऊन पाहावे. नुसते पाहू नये, तिथे बसून जेवावे.

त्यांनी बाजारपेठेतून एक लेडीज सायकल घेतली. लहानपणी भाड्याच्या सायकलीवर चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारून त्या शिकल्या होत्या, आणि ती विद्या अंगातून गेलेली नव्हती. चाळिशी उलटलेली बाई साडी खोचून सायकलवर निघालेली पाहून बाजारपेठेला फार काम लागले.

"काय ऑपरेटर बाई, ट्रंक कॉल पोचवायला स्वतःच निघालात की काय?" एका कापडवाल्याने दुकानातून विचारले.

"हो. तुमच्या सासऱ्यांचा आहे. उधारीबद्दल बोलायचंय म्हणतात," माधुरीबाई म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.

आरंभ त्यांनी गावातून केला. बाजारपेठेत रविवारी सायकल चालवणे अशक्य, कारण दोन्ही बाजूंचे दुकानदार आपले सामान रस्त्यावर मांडतात आणि मधून जाणाऱ्यालाच 'बघून चला' म्हणतात. म्हणून त्यांनी आळ्याआळ्यांतून जाणारी आपली एक वाट बांधली. एसटी स्थानकाजवळची मिसळ, कोर्टासमोरचा चहा, नदीकडच्या एका घरगुती खानावळीतले वालाचे बिरडे, असे सगळे त्यांनी एकेक करून पाहिले. मार्चमध्ये तळ्यावर माणसे लोटतात तेव्हा सायकल घरी ठेवून त्या पायी गेल्या आणि तिथल्या मंडपात लांबून आलेल्या बायकांच्या पंगतीत बसून पुरीभाजी खाल्ली. त्या पंगतीत कोणी कोणाला तू कोण, कोणाबरोबर आलीस, असे विचारीत नव्हते, हे त्यांनी पुढे पुष्कळांना ऐकवले.

मग त्या महामार्गाला लागल्या. डांबरी रस्त्याच्या कडेला खडीमातीची जी साइडपट्टी असते ती चालणाऱ्यांची, बैलगाडीची आणि सायकलची. इंजिनाच्या वाहनाला डांबर दिलेले आहे, त्याने डांबरावर राहावे. ही व्यवस्था इतकी सरळ आहे की शाळेतल्या पोरालाही समजावी. प्रत्यक्षात जिथे हॉटेल तिथे साइडपट्टी नाहीशी होते. तिच्यावर लक्झरी बस उभी असते, ट्रक उभा असतो, हॉटेलाची पाटी पाय रोवून उभी असते, आणि सायकलवाल्याने भरधाव गाड्यांच्या पुढ्यात डांबरावर यायचे असते. राजेवाडी फाट्यापर्यंत पट्टी बरी, लोहाऱ्याजवळ खडी मोकळी, त्यापुढे प्रत्येक हॉटेलासमोर उतरून सायकल हाताने ओढायची. ही सगळी वाट माधुरीबाईंना पाठ झाली.

बिरवाडीला औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची एक खानावळ होती. पत्र्याची शेड, लांब बाकडी, सुकटीचा वास. माधुरीबाई दारात सायकल लावून आत शिरल्या तेव्हा पाळी सुटून आलेले वीसेक पुरुष जेवत होते. एकाने मान वर केली, शेजाऱ्याला कोपराने ढोसले आणि म्हणाला, "सरक रे जरा. बसा ताई. सुकट चालते ना?" एवढेच. माधुरीबाई जेवल्या, हात धुतला आणि निघाल्या. ज्या शेडीला धड दार नव्हते तिथे बाईने बसायचे कुठे हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो पडला पोलादपूरला, सनमायकाच्या टेबलांना.

पोलादपूरच्या नाक्याअलीकडे जानूशेटचे हॉटेल होते. जानूशेट मूळचे तिथलेच, पण उमेदीची वर्षे मुंबईत कॅन्टीन चालवून परतलेले. कशेडी घाट चढण्यापूर्वी लक्झरी बसगाड्या त्यांच्याकडे थांबत. 'चुलीवरची तांदळाची भाकरी' अशी मोठी पाटी होती आणि ती पाटी खरी होती. मागच्या पडवीत डोंगरावरच्या वाडीतली येसूबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापीत असे. हॉटेलाचे दोन भाग होते. पुढे मोकळा हॉल, बाकडी आणि टेबले. बाजूला हिरव्या पडद्याआड 'फॅमिली रूम'.

१९९८ च्या जानेवारीतल्या एका रविवारी माधुरीबाई तिथे पोचल्या. सायकल बदामाच्या सावलीत लावली आणि हॉलमध्ये खिडकीजवळच्या बाकड्यावर बसल्या. तिथून घाटाचा डोंगर दिसत होता. सोमा नावाचा वेटर आला.

"बाई, तिकडं बसा. लेडीज फॅमिली रूममध्ये बसतात."

भिंतीवर तशी पाटीच होती. माधुरीबाई नियम मानणाऱ्या होत्या. मनातून त्यांना ते पटले नाही, तरी त्या उठल्या आणि पडदा सारून आत गेल्या. आत दुसरी पाटी होती. 'एकट्या व्यक्तीस फॅमिली रूममध्ये बसू दिले जाणार नाही.' त्या टेकतात न टेकतात तोच सोमा पुन्हा आला.

"बाई, तुमच्यासंगं कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग हितं नाय बसता येणार."

"मग बाहेर बसते."

"बाहेर लेडीजला नाय."

माधुरीबाईंनी दोन्ही पाट्या एकदा वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या. बाईने बाहेर बसायचे नाही आणि एकट्या माणसाने आत बसायचे नाही. म्हणजे एकट्या बाईने या हॉटेलात जेवायचेच नाही. हे सरळ लिहिण्याची हिंमत मात्र कोणी केलेली नव्हती. ते दोन भिंतींवर वाटून लिहिले होते. त्या गल्ल्याकडे गेल्या.

"मॅडम, रूल म्हणजे रूल," जानूशेट म्हणाले. "बाहेर ड्रायवर-क्लीनर पब्लिक बसतं. एकटी लेडीज दिसली की बघत राहतात. आपला धंदा खराब होतो."

"मग जे बघतात त्यांना पडद्याआड बसवा. मला कशाला?"

गल्ल्याजवळ बडीशेप खात उभा असलेला एक प्रवासी हसला. जानूशेट हसले नाहीत. त्यांनी माधुरीबाईंकडे नीट पाहिले.

"हा आवाज... तुम्ही महाड एक्सचेंजच्या बाई ना? अरे बापरे! आधी नाय का सांगायचं? किती कॉल लावून दिलेत तुम्ही आपले! या या. सोमा, मॅडमना खिडकीजवळ बसव. आपल्या घरच्या आहेत त्या."

आता खरे तर प्रश्न मिटला होता. खिडकीजवळचे बाकडे मिळत होते, भाकरी मिळत होती, वर मान मिळत होता. दुसरी कोणीही बसली असती. माधुरीबाई बसल्या नाहीत.

"मी तुमच्या घरची नाही," त्या म्हणाल्या. "मी गिऱ्हाईक आहे. माझ्या मागून दुसरी कोणी एकटी बाई आली, तर तिलाही तिथं बसवणार का?"

"ते वेगळं, मॅडम."

"मग मीही वेगळीच."

त्या न जेवता बाहेर आल्या. सायकल बदामाखाली नव्हती. गाड्यांना अडचण नको म्हणून ती कोणीतरी उचलून साइडपट्टीवर टाकली होती आणि मागे घेताना एका लक्झरी बसने तिचे मागचे चाक पार वाकवले होते. बसचा ड्रायव्हर आत, ड्रायव्हरांसाठी राखलेल्या टेबलावर, हॉटेलाच्या खर्चाने कोंबडी खात होता, कारण त्याने पन्नास माणसे आणली होती. ना तो उठला, ना जानूशेट. सायकलवाल्याची जागा सायकलवाल्याकडून घ्यायची, त्याची सायकल तिथेच चिरडायची आणि वर दातात काडी घालून त्याच्याकडे पाहायचे, असा हा प्रकार. माधुरीबाईंनी मागचे चाक उचलून धरून ती सायकल लोहाऱ्यापर्यंत ढकलत नेली. तिथे एका टेम्पोवाल्याने ती टेम्पोत घेतली.

पुढच्या रविवारी नवे चाक बसवून त्या पुन्हा आल्या. खिडकीजवळ बसल्या. एक थाळी सांगितली. थाळी आली नाही. सोमाने पाण्याचा पेला आणून ठेवला.

"बाई, मला कशाला अडचणीत आणता?"

"तुला कुठं आणलंय? तू पाणी दिलंस. ते मी पितेय."

बस आल्या, बस गेल्या. शेजारच्या टेबलांवर ताटे येत होती, पुसली जात होती. ज्यांच्या बघण्याची जानूशेटना एवढी धास्ती होती त्या ड्रायव्हर-क्लीनरांनी एकदा पाहिले आणि ते आपल्या ताटाकडे वळले. दुपार कलल्यावर माधुरीबाई उठल्या, लोहाऱ्याला येऊन गाडीवरचे दोन वडे खाल्ले आणि महाडला परतल्या. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. महाडात लोक समजावू लागले. अहो, एवढी हॉटेले आहेत, तिथेच का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, व्यासपीठावरून भाषणे करणारी माणसे होती. त्यांपैकी एकालाही जानूशेटला जाऊन 'का?' असे विचारावेसे वाटले नाही.

शिमगा होऊन गेल्यावरची गोष्ट. जानूशेट दुपारी घरी पडायला गेले होते. मागच्या पडवीतून येसूबाई हॉलमध्ये आली. पिठाने पांढरे झालेले हात, हातात तिच्या स्वतःच्या वाटणीचे ताट. ती सरळ माधुरीबाईंच्या समोर येऊन बसली.

"काय गो बाय, दर ऐतवारी येतेस नि पाणीच पितेस? नवस बोललीस काय?"

"एकटीला वाढत नाहीत म्हणे."

"मंग आता दोन झालो. दोन बाया म्हंजे फॅमिली नाय तर काय? माज्या घरात तरी दादला मुंबयला, हितं मी नि सासू. आमाला कोन फॅमिली नाय म्हनत नाय." ती आत वळून ओरडली, "सोमा! वाढ रे हिला. शेटला माजं नाव सांग."

सोमाने इकडेतिकडे पाहिले आणि वाढले. माधुरीबाई जेवल्या. पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि येसूबाईच्या ते लक्षात आले.

"गोड नाय लागलं?"

"भाकरी फार चांगली आहे. पण पुढच्या रविवारी तुम्ही नसलात तर?"

पुढच्या रविवारी येसूबाई खरेच नव्हती. जानूशेटने तिला दुसऱ्याच दिवशी काढून टाकले होते. हे सोमाकडून कळताच माधुरीबाई पाणी न पिता उठल्या. डोंगराच्या पायथ्याला एका अनोळखी घरी सायकल ठेवली आणि विचारीत विचारीत वाडी चढून गेल्या. येसूबाई गोठ्यात शेण भरीत होती.

"माझ्यामुळं तुमचं काम गेलं," माधुरीबाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

"तुज्यामुळं? जेवले मी माज्या तोंडानं. तू कशी मधी आलीस?" येसूबाई हात न थांबवता म्हणाली. "नि काम गेलं कुठं? चूल हाय ना तिथं. ती मी घातलेली हाय, माज्या हातांनी सारवलेली. बघते कोन बसतंय तिच्यावर."

ही गोष्ट जानूशेट मुंबईत राहून विसरले होते. त्या डोंगरांवरच्या वाड्यांत जिने चूल घातली आणि सारवली तिची ती चूल. ती आजारी पडली तर तिला विचारून दुसरी बसते. तिला हाकलून दिले तर तिच्या चुलीवर कोणी बसत नाही, मग ती चूल घरात असो की हॉटेलात. जानूशेटना वाटले, वाडीत बायका काय कमी आहेत, येसूबाई गेली तर दुसरी येईल. त्यांनी एकीला निरोप धाडला. ती म्हणाली, सवड नाय. दुसरीला धाडला. ती म्हणाली, येसूला विचारा. शेजारच्या वाडीत माणूस पाठवला. तिथेही हेच. जानूशेटने ती चूल मोडून नवी घालायला सांगितली, तर ती घालायलाही बाई मिळेना. शेवटी मुंबईहून एक आचारी आणला. त्याने गॅसवर तव्यावर ज्या भाकऱ्या केल्या त्या मधून चिरत आणि कडेला कच्च्या राहत.

मे महिना उजाडला. चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या. पाटी वाचून लोक उतरत आणि ताटातली भाकरी पाहून बोलू लागत. "शेट, ही चुलीवरची? चूल दाखवा बघू!" एका म्हातारबुवांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे विचारले. दोन बसगाड्यांनी थांबा बदलला. माधुरीबाई या सगळ्या काळात खिडकीजवळ बसून पाणी पीत होत्या.

जानूशेट स्वतः डोंगर चढून गेले नाहीत. त्यांनी सोमाला पाठवले. निरोप असा होता की झाले गेले विसरून उद्यापासून कामावर यावे. येसूबाईने सोमाला ताक दिले आणि उलट निरोप दिला.

"सांग शेटला, येते. पन ती भिंतीवरची पाटी आधी पुसा. कोन बी बाय येऊदे, एकली येऊदे नायतर लेकुरवाळी येऊदे, बसंल तिथं बसंल नि जेवंल."

"ती ऑपरेटर बाई का?"

"ती कशाला, कोन बी! तिनंच तर पयल्या दिशी शेटला तसं इचारलान ना?"

मेच्या अखेरच्या रविवारी माधुरीबाई आल्या तेव्हा 'महिलांनी फॅमिली रूमचा वापर करावा' या ओळीवर पिवळा ऑइलपेंट फासलेला होता. अक्षरे खालून पुसट दिसत होती, पण फासलेला होता. त्या खिडकीजवळ बसल्या, एकट्या. सोमाने न विचारता पेला ठेवला आणि मग विचारले, काय आणू. त्यांनी भाकरी आणि वालाचे बिरडे सांगितले. सावकाश जेवल्या. उठताना गल्ल्यापाशी थांबल्या.

"भाकरी उत्तम. बिरडं खारट आहे."

"सांगतो आत," जानूशेट वर न पाहता म्हणाले.

त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये एकट्या बायका बसू लागल्या. आरोग्यसेविका, मास्तरणी, पोराला मुंबईच्या गाडीत बसवून एकटी परत निघालेली आई. त्या हक्काने बसल्या आणि तो हक्क कोणी मिळवून दिला हे त्यांना ठाऊक नाही. ते ठाऊक असायलाच हवे असेही नाही. माधुरीबाई नंतर पुष्कळ वर्षे सायकल चालवीत राहिल्या. पोलादपूरला त्या महिन्यातून एखाद्या वेळी जात. गुडघे दुखू लागल्यावर एसटीने जात आणि त्याच बाकड्यावर बसत. २००८ मध्ये त्या वारल्या तेव्हा येसूबाई आणि सोमा दोघेही महाडला आले होते. जानूशेट आले नाहीत.

यात जे मिटले ते एवढेच. येसूबाईला कामावर घेताना 'झालं गेलं विसर नि ये' यापलीकडे एक शब्द तिला सांगितला गेला नाही, आणि माधुरीबाईंची क्षमा कोणी कधी मागितली नाही. ना पाट्या लिहिणाऱ्याने, ना चाक मोडणाऱ्याने, ना त्यांना 'तिथेच का?' असे विचारणाऱ्या सुशिक्षितांनी. हॉटेलासमोरची साइडपट्टी मोकळी ठेवतो, चुना मारलेले दगड लावून सायकलींना जागा करतो, असे जानूशेटने नंतर एकदा चार माणसांदेखत कबूल केले होते. ते दगड लागले नाहीत. बसगाड्या तिथेच उभ्या राहतात आणि सायकलवाला अजूनही डांबरावर उतरतो. ही जबाबदारी जानूशेटवर होती, आता त्यांच्या मुलावर आहे, आणि ती कोणीही माफ केलेली नाही.